हाडं उठवली, पण उद्या काय?

आमच्या टिळकवाडीतल्या रविवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात 'अ‍ॅनिमेट डेड' या मेलेल्यांना सांगाडे-झोंबी करून उठवणाऱ्या मंत्रावरून ताटलीतला कुंदा संपेपर्यंत वाद चालतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत उठवलेल्यांवर ताबा 24 तासांचाच. तो संपण्याआधी मंत्र पुन्हा टाकला, तर आधीचे चारपर्यंत सांगाडे-झोंबी आणखी 24 तास ऐकतात; पण त्या वेळी नवा एकही उठत नाही. 'चार जुने, वर एक नवा' हा हिशोब चुकीचाच! उशीर झाला तर सांगाडा नाहीसा होत नाही, तो फक्त तुमचा राहत नाही. (आमच्या एकाला हे मध्यरात्री कळलं.) म्हणून मंत्राची वेळ वहीत लिहा, तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) राखून ठेवा. हुकमाला बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली जादा छोटी कृती) लागते, अंतर 60 फुटांच्या आत. एकच हुकूम सगळ्यांना एकदम चालतो.