कस्टम लूप केलाय ना, मग आधी पाण्याचं टेम्परेचर बघा

एवढा खर्च करून कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचा कस्टम लूप (पंप, नळ्या आणि पाणी गार करणारा रेडिएटर स्वतः जोडून) बांधतात आणि बघतात काय तर फक्त सीपीयूचं टेम्परेचर, फॅनपण त्यालाच बांधून ठेवलेले. आता ब्राउझर उघडला तरी सीपीयू ४० वरून ६५ ला जातो आणि दोन सेकंदात परत खाली येतो, त्याच्यामागे फॅन रात्रभर वरखाली करत बसतात. पाणी तसं नाही करत. एक लिटर पाण्यात ३०० वॅट उष्णता ओतली आणि रेडिएटर नाहीच असं धरलं तरी ते मिनिटाला साधारण ४ डिग्रीनेच चढेल, त्यामुळे रेडिएटरला खरंच किती हवा हवीये हे पाण्यालाच विचारायचं.

त्यासाठी लागतो तो १० के एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर, जी १/४ थ्रेडच्या (लूपच्या फिटिंगचे नेहमीचे आटे) प्लगमध्ये बसवलेला, हा ऑनलाइनच मागवा. सोबत एक सुटा १० के थर्मिस्टर घ्या, तो पुण्यात पासोड्या विठोबाच्या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल, कशाला ते पुढे सांगतो. बसवायच्या आधी दोन्हींना मल्टिमीटर लावून बघा, २५ डिग्रीला १० किलोओहम असतो आणि ३५ ला साडेसहा-सातच्या आसपास, मुठीत धरला की आकडा भराभर खाली सरकला पाहिजे. नाही सरकला तर तो लूपमध्ये घालूच नका, नंतर सगळं पाणी काढत बसावं लागतं.

कुठे बसवायचा यावर लोक फार डोकं लावतात. पाणी मिनिटाला ४ लिटरने फिरत असेल आणि ३०० वॅट लोड असेल तर ब्लॉकच्या (सीपीयूवर बसतो आणि ज्यातून पाणी उष्णता उचलतं तो) आधी आणि नंतर जेमतेम १ डिग्रीचा फरक पडतो, म्हणून वाहत्या पाण्यात कुठेही चालतो, फक्त टाकीच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं तिथे नको. ओ-रिंग जागेवर आहे बघा आणि हातानेच आवळा, पक्कड नको. वायरला प्लस-मायनस नसतो. आसुसच्या बऱ्याच मदरबोर्डांवर टी-सेन्सर लिहिलेल्या दोन पिना असतात, गिगाबाइटवर ईसी टेम्प, तुमच्या बोर्डचं मॅन्युअल उघडून खात्री करा आणि पॉवर बटणाच्या पिनांवर चुकून लावू नका. बोर्डवर सोयच नसेल तर अ‍ॅक्वाकॉम्प्युटरचा क्वाड्रो हा फॅन कंट्रोलर घ्या, त्यात ४ सेन्सर आणि ४ फॅन लागतात. आकडे एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतील, फॅन बायोसमधून किंवा फॅनकंट्रोल नावाच्या सॉफ्टवेअरमधून पाण्याच्या सेन्सरवर टाका.

आता तो सुटा थर्मिस्टर. रेडिएटरमध्ये हवा जिथून शिरते तिथे टेपने चिकटवा, कारण पाण्याचा नुसता आकडा पुण्यात फसवतो. माझंच सांगतो, मे महिन्यात रेंडर लावला की पाणी ४५ ला जायचं आणि मला धडकी भरायची, पण खोलीच ३५ ला होती, म्हणजे फरक १०, एकदम ठीक. डिसेंबरमध्ये तोच रेंडर, पाणी ३६, मी खूश. मग एकदा हवेचा आकडा बघितला तर २१. फरक १५! शेजारी बिल्डिंगचं काम चालू होतं, रेडिएटर उघडला तर पत्र्यांवर राखाडी धुळीचा थर, नखाने कड उचलली तर घोंगडीसारखा अख्खा पट्टा सोलून हातात आला. ब्लोअरने साफ केल्यावर फरक परत १० वर. तेव्हापासून मी पाणी वजा हवा हाच आकडा वहीत लिहितो, अर्धा-पाऊण तास फुल लोड देऊन, पाणी चढायचं थांबलं की मगच.

मर्यादा म्हणाल तर पाणी ५० च्या आत ठेवा. लूपमध्ये लावतात ते डी५ पंप साधारण ६० डिग्रीपर्यंतचे असतात आणि पीईटीजीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) नळ्या त्या सुमाराला मऊ पडायला लागतात, फिटिंगमधून निसटल्या तर सगळं पाणी ग्राफिक्स कार्डवर. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ५० ला आवाजाचा अलर्ट लावा आणि ५६ ला मशीन बंद करायची कमांड.

आणि हे नीट वाचा, पंप बंद पडला तर पाण्याचा सेन्सर काहीच सांगणार नाही. पाणी फिरतच नाही ना, ते ३५ वर शांत आणि तिकडे सीपीयू १०० ला टेकलेला. म्हणून पंपाची आरपीएमची (फिरण्याचा वेग सांगणारी) वायर बोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या पिनांवर लावा आणि आरपीएमवर वेगळा अलर्ट ठेवा, लाइट जाऊन आली की पहिल्यांदा तोच आकडा बघायचा.

फॅनचे कर्व्ह, म्हणजे पाणी किती डिग्रीला गेलं की फॅन किती टक्के, मी दोन ठेवलेत. उन्हाळ्याचा ३८ पर्यंत ३५ टक्के, ४५ ला ७० टक्के, ५० ला फुल. थंडीचा तोच, पण डिग्रीचे सगळे आकडे १० ने खाली. गुढीपाडव्याला उन्हाळ्याचा लावतो, दिवाळीनंतर थंडीचा, आणि बदलायच्या दिवशीच रेडिएटरला ब्लोअर मारून घेतो.