भावी शिक्षकांसाठी कॉम्प्युटर: प्लगपासून फाइलपर्यंत, क्रमाने शिका

डीएड-बीएडला कॉम्प्युटरचा भाग असतो. इनपुट साधनं कोणती, आउटपुट साधनं कोणती, रॅम आणि रॉममधला फरक लिहा. उत्तरं पाठ होतात, गुणही मिळतात. पुढे राजगड (पूर्वीचा वेल्हे) किंवा भोर तालुक्यातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत नेमणूक होते आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक म्हणतात, "सर, तो कॉम्प्युटर चालू होतोय का बघा जरा." तंत्रज्ञाला बोलवायचं तर तो पुण्याहून कधी येईल याचा नेम नसतो. नवीन आलेल्या शिक्षकाला किंवा शिक्षिकेला हे सगळं येत असणार, असं गावाने धरूनच ठेवलेलं असतं.

म्हणून व्याख्या मागाहून पाठ करा. आधी, यंत्र अडलं तर नेमकं कुठे अडलं हे शोधायला शिका. वीज, केबल, पेटीतले भाग, ऑपरेटिंग सिस्टीम, प्रोग्राम आणि शेवटी फाइल, या क्रमाने तपासत जायचं. ही सवय लागली की हार्डवेअर कुठे संपतं आणि सॉफ्टवेअर कुठे सुरू होतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पायरी १: एक जुना डेस्कटॉप मिळवा आणि उघडा

लॅपटॉप यासाठी उपयोगाचा नाही. त्यातले भाग दाटीने बसवलेले असतात, काही तर सोल्डर केलेले. डेस्कटॉपच हवा. पुण्यात तो मिळवणं अवघड नाही. सोसायटीत, नातेवाइकांकडे, ऑफिसात कोणाच्या तरी माळ्यावर एक पडलेला असतोच. नाहीतर कॉलेजच्या लॅबमधला बाद केलेला संच प्राध्यापकांकडे रीतसर मागा. सोबत एक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक खोडरबर आणि रंगाचा कोरडा ब्रश घ्या. केबल, एक्स्टेन्शन बोर्ड असलं काही लागलं तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एक चक्कर मारली की काम होतं.

उघडण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. कोणतीही वायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. जोडताना तोच फोटो कामाला येतो.

समोर जी सगळ्यात मोठी पाटी दिसते तो मदरबोर्ड. त्यावर पंखा बसवलेला असतो, त्याच्याखाली प्रोसेसर. जाड वायरींचा झुबका ज्या डब्यातून निघतो तो एसएमपीएस. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचं तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी पुरवठ्यात रूपांतर करतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. बाकी सगळ्या भागांना बिनधास्त हात लावा.

रॅमच्या, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, पट्ट्या दोन्ही टोकांच्या क्लिपांनी धरलेल्या असतात. पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी आणि आतून बीप ऐकू येतोय, अशी तक्रार असली तर पहिला संशय रॅमवर घ्या. पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवा, खोडरबराचा चुरा ब्रशने झटका आणि दोन्ही क्लिपा 'टक्' आवाज करेपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवा. पावसाळ्यात दमट खोलीत पडून राहिलेल्या यंत्रांपैकी कितीतरी एवढ्यावर चालू होतात.

फाइली साठवणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात आणि त्यांवर सरकणारा वाचक-दांडा. माहिती तबकडीवर जिथे असेल तिथे तो दांडा पोहोचायला वेळ लागतो. एसएसडीही फाइलीच साठवते, पण तिच्यात हलणारा एकही भाग नसतो, म्हणून हा वेळ वाचतो. शाळेचा कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं घेत असेल आणि शाळेकडे थोडेच पैसे असतील, तर ते सगळ्यात आधी एसएसडीवर खर्च करा, असं मी नेहमी सांगते. त्यानंतर रॅम ८ जीबी करा. नवीन मॉनिटर वगैरेचं नंतर बघता येईल. २५६ जीबीची एसएसडी बसवली की विंडोज ती सुमारे २३८ जीबी दाखवतं, तेव्हा दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे.

नाण्याएवढी बॅटरी

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चकती दिसेल. ती सीआर २०३२, तीन व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ ती चालू ठेवते. या चकतीवर मी मुद्दाम थांबते, कारण हिच्यापायी शाळांचे कितीतरी तास वाया जातात आणि खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळा प्लग काढून ठेवते. ते बरोबरच आहे, वळवाच्या विजा असतात. पण प्लग लावलेला असताना घड्याळाला मुख्य वीज मिळते. प्लग काढला की सगळा भार या चकतीवर येतो. ती जुनी असेल तर सुट्टीत संपते. जूनमध्ये यंत्र चालू केलं की काळ्या स्क्रीनवर एक इंग्रजी सूचना येते, 'एफ १ दाबा' म्हणून. कोणीतरी दाबतं, विंडोज उघडतं आणि वाटतं सगळं ठीक आहे. मग दीक्षा हे शालेय साहित्याचं सरकारी पोर्टल उघडायला जावं तर ब्राउझर म्हणतो, हे कनेक्शन सुरक्षित नाही. दुसरी साइट उघडली, तेच. "नेट गेलंय" असं ठरतं आणि नेटवाल्याला फोन लागतो.

नेट चालूच असतं. अडलेली असते ती तारीख. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं नोंदलेलं असतं. कॉम्प्युटरचं घड्याळ जर २०१२ साल दाखवत असेल तर ब्राउझरच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, दुरुस्त करा, साइट उघडते. मग सवडीने चकती बदला. घड्याळाच्या दुकानात मिळते. बदलताना छापील बाजू वर ठेवा.

हार्डवेअरमधला एवढासा दोष सॉफ्टवेअरमध्ये कसा दिसतो, हे इथे सगळ्यात स्वच्छ कळतं. डीएडच्या वर्गात हा प्रयोग करून दाखवा: तारीख मुद्दाम दहा वर्षं मागे न्या आणि कोणतीही साइट उघडून बघा.

पायरी २: प्रोजेक्टर, सराव पाठाच्या आदल्या दिवशी

पाठाचं निरीक्षण करायला प्राध्यापक मागच्या बाकावर बसलेले असताना केबल शोधणं टाळायचं असेल तर आदल्या दिवशी त्या वर्गात जाऊन या. प्रोजेक्टरला एचडीएमआय पोर्ट आहे की जुनं निळं व्हीजीए, ते बघा. व्हीजीएमधून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. एचडीएमआयमधून दोन्ही जातात, पण त्याचाच कधी कधी घोटाळा होतो: आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरकडे वळतो आणि तुम्ही लावलेला मोठा स्पीकर गप्प राहतो. खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून यायला हवा ते निवडा.

चित्र येत नसेल तर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबा, 'डुप्लिकेट' निवडा. एवढी एक जोडी लक्षात ठेवली तरी पाठातला बराच वेळ वाचतो. टाइप-सीचा ॲडॉप्टर घेणार असाल तर आधी आपल्या लॅपटॉपवर लावून बघा. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही.

पायरी ३: आत काय चाललंय ते बघायला शिका

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. 'मेमरी'चा आकडा बघत ब्राउझरमध्ये एकेक टॅब उघडत जा. आकडा चढताना दिसेल. टॅब बंद केले की उतरेल. रॅम म्हणजे काय, ते या पाच मिनिटांत पक्कं डोक्यात बसतं. कॉम्प्युटर मंद झाला की "व्हायरस असेल" असं म्हणण्याआधी इथे बघा: मेमरी भरली आहे, डिस्क शंभर टक्क्यांवर आहे, की प्रोसेसर दमलाय?

यंत्राचे भाग आणि तुम्ही वापरता ते प्रोग्राम यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि प्रिंटरसारख्या एकेका उपकरणाशी बोलायला तिला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. प्रिंटरला वीज आहे, केबल आहे, तरी तो यादीत दिसत नाही, तेव्हा बहुधा ड्रायव्हर नसतो.

विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि शाळांमधल्या बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नसते. अशा यंत्रावर विंडोजऐवजी उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम टाका, सोबत एमएस ऑफिससारखंच लिबरऑफिस. सगळं मोफत आणि कायदेशीर. विंडोजची चोरीची प्रत शाळेत नको. मुलांना कॉपी करू नका म्हणणाऱ्याने ती वापरू नये, आणि तिच्याबरोबर व्हायरसही येतात.

पायरी ४: मराठी युनिकोडमध्येच टंकलिखित करा

जुनं टाचण किंवा प्रश्नपत्रिका उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, असं तुमच्या बाबतीत झालं असेलच. जुन्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो फाँट यंत्रावर नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'अ' चा २३०९, 'क' चा २३२५. मोबाइल असो, कॉम्प्युटर असो, 'क' तो 'क'च राहतो.

फाइल जुन्या फाँटमधली आहे का, हे ओळखायला मजकूर निवडून फाँट 'निर्मला यूआय' करा. मराठी टिकलं तर युनिकोड. इंग्रजी झालं तर ती कन्व्हर्टरमधून काढा, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. तिथे चुका राहतात.

कीबोर्ड इन्स्क्रिप्टच, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचनाच शिका, असा माझा आग्रह आहे. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी जोडा. विंडोज आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'शाळा' लिहून बघा: शिफ्ट धरून एम, मग ई, मग शिफ्ट धरून एन, मग ई. 'पुणे' साठी एच, जी, शिफ्ट धरून सी, मग एस. पहिला आठवडा बोटं अडखळतात. रोज अर्धा तास दिलात तर महिन्याभरात कीबोर्डकडे बघावं लागत नाही. इंग्रजी स्पेलिंगमधून मराठी लिहिण्याची सोय लवकर जमते खरी. पण 'ळ', 'ण', 'ऱ्या' इथे ती वारंवार अडवते, आणि शिक्षकाच्या हातून फळ्यावर किंवा प्रश्नपत्रिकेत 'शाला' जाऊन चालत नाही.

पायरी ५: फाइल, पेनड्राइव्ह, निकालपत्रक

पाठाचा व्हिडिओ आणि पान नेटच्या भरवशावर ठेवू नका. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ रूपात मोफत मिळतात, दीक्षा ॲपमध्येही बरंच साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. छापायला द्यायची फाइल पीडीएफ करूनच द्या, म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात पानांची मांडणी बिघडत नाही.

त्याच दुकानातून पेनड्राइव्हवर व्हायरस येतो. सगळे फोल्डर एकाएकी शॉर्टकट झालेले दिसले तर त्यांवर क्लिक करू नका, आणि घाबरून फॉरमॅटही करू नका. खऱ्या फाइली बहुतेक वेळा तिथेच लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरसने तपासणी करा, मग लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करून त्या दुसरीकडे काढून घ्या. महत्त्वाची फाइल फक्त पेनड्राइव्हवर ठेवायची नाही.

एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्कमध्ये दोन गोष्टी सांभाळा. गैरहजर मुलाच्या रकान्यात शून्य लिहू नका, 'गै' लिहा. सरासरी काढताना अक्षरं वगळली जातात, शून्य मात्र धरलं जातं आणि वर्गाची सरासरी उगाच खाली येते. आणि क्रम लावताना एकच रकाना निवडू नका. फक्त गुणांचा रकाना चढत्या क्रमाने लावला की नावं जागेवर राहतात आणि गुण दुसऱ्याच मुलाच्या नावापुढे जाऊन बसतात. ते कोणाच्या लक्षातही येत नाही. पूर्ण तक्ता निवडा, मगच क्रम लावा.

पायरी ६: मुलांची माहिती

यू-डायससारख्या, शाळांची माहिती नोंदवायच्या सरकारी पोर्टलसाठी शाळेत मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाइल नंबर साठलेले असतात. ही यादी स्वतःच्या पेनड्राइव्हवर घरी नेऊ नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. नेट कॅफेत लॉगिन करायची वेळ आली तर ब्राउझर पासवर्ड साठवू का विचारेल, त्याला नाही म्हणा. काम झाल्यावर लॉगआउट करा आणि डाउनलोडच्या फोल्डरमधून उतरवलेली फाइल काढून टाका. रिसायकल बिनमधूनही. शाळेत टेबलावरून उठताना विंडोज आणि एल या दोन कळा दाबा, स्क्रीनला कुलूप लागतं.