लूत लागलेल्या कुत्र्या-मांजरांचा इलाज कसा करायचा

आमच्या इंदूरच्या रामबागेत गल्लीची एक कुत्री आहे, पोरं तिला लाली म्हणतात. मागच्या पावसाळ्यानंतर तिला लूत लागली. आधी कानाच्या कडा बोडक्या झाल्या, मग कोपरं, मग पोटाखाली लाल पुरळ, आणि रात्रभर आमच्या ओट्याशी पाय आपटत खाजवायची, धप धप धप, झोप तिलाही नाही नि आम्हालाही नाही. कुणीतरी, चांगल्या मनानेच, तिच्या अंगाला गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडलं.

तर पहिली पायरी हीच, ऑइल, केरोसीन, फिनाइल काही म्हणजे काही लावू नका. कातडी भाजते, जनावर ते चाटतं आणि सगळं विष पोटात जातं, मांजराच्या तर जिवावरच येतं. आधीच कुणी लावलं असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवून काढा, लालीला आम्ही दोनदा धुतलं तेव्हा कुठे चिकटपणा गेला.

मग लूत कोणती ते बघायचं. ही होते डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे, आणि कुत्र्यांत मुख्य प्रकार दोन. सार्कोप्टिकमध्ये किडा कातडीत बोगदे करतो, खाज भयंकर, आणि एकाची दुसऱ्याला लागते. डेमोडेक्टिकचा किडा केसांच्या मुळाशी राहतो, तो थोडाफार सगळ्याच कुत्र्यांत असतो, पण पिल्लू किंवा अशक्त कुत्रं असेल तर वाढतो, डोळ्यांभोवती, तोंडावर, पायांवर चट्टे पडतात, खाज बरेचदा कमी असते आणि ती लागत नाही. पिल्लाला एकदोन छोटे चट्टे असतील तर पुष्कळदा आपोआपही जातात. घरी एक गोष्ट करून बघा, कानाची कड दोन बोटांत धरून हळू चोळा, त्याच बाजूचा मागचा पाय लगेच खाजवल्यासारखा हलायला लागला तर सार्कोप्टिकचा दाट संशय. लालीचा पाय असा सुटला होता की माझ्या हाताला लागला.

पण पक्कं डॉक्टरच सांगतील, ते ब्लेडने कातडी थोडं रक्त दिसेपर्यंत खरवडतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. सार्कोप्टिकचा किडा बरेचदा सापडतच नाही, म्हणून रिपोर्टमध्ये काही नाही आलं तरी लक्षणं बघून डॉक्टर इलाज सुरू करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. इंदूरकरांना जवळच महूचं व्हेटरनरी कॉलेजही आहे.

औषध वजनावर ठरतं, म्हणून आधी वजन. काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग कुत्र्याला उचलून. आजकाल फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर या गोळ्या दोन्ही प्रकारांत छान चालतात, फक्त कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. लालीची गोळी मी दहीपोळीत लपवली, पोह्यात दिली तर पोहे खाऊन गोळी बाजूला ठेवते ती. आयव्हरमेक्टिन स्वस्त असतं म्हणून लोक मेडिकलवरून गाई-म्हशींचं इंजेक्शन आणून अंदाजाने टोचतात, हे अजिबात करू नका, कॉली जातीच्या कुत्र्यांच्या आणि लहान पिल्लांच्या जिवावर बेततं. आणि नुसती खाज थांबावी म्हणून स्टेरॉइडही मनाने नको, डेमोडेक्टिक असेल तर त्याने लूत आणखी पसरते.

मांजरांचं वेगळं. त्यांच्यात कानाच्या टोकापासून सुरू होऊन तोंडावर राखाडी खपली धरते, त्याला मानेवर टाकायचं सेलामेक्टिन चांगलं, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन किंवा अमिट्राझ मांजराला कधीच लावू नका, विषबाधा होते.

आता माझी चूक सांगते. पहिल्या गोळीनंतर आठवड्याभरात खाज थांबली, मला वाटलं झालं, महिन्याने द्यायची दुसरी गोळी राहिली, आणि लाली ज्यांच्यासोबत झोपते त्या दोन कुत्र्यांना तर मी काहीच दिलं नव्हतं. दीड महिन्यात पुन्हा तेच. सार्कोप्टिक असेल तर सोबतच्या सगळ्या कुत्र्यांना एकाच वेळी औषध द्या, ते झोपतात ती पोती फेकून द्या, घरची चादर-गोधडी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. डेमोडेक्टिकमध्ये तर केस आले तरी थांबायचं नाही, महिन्याच्या अंतराने दोन तपासण्या साफ आल्या की मगच.

हात लावताना ग्लोव्ह्ज घाला. सार्कोप्टिकने माणसाच्या हातावर, पोटावर पुरळ येऊ शकतं, जनावर बरं झालं की तेही जातं, तरी डॉक्टरांना दाखवा. गल्लीचं कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जायचं, यात टाळाटाळ नको.

लालीला दुसऱ्यांदा त्या दोघांसोबतच औषध दिलं. परवा दूध घालताना कानाची कड पुन्हा चोळून बघितली, आता तिथे बारीक मऊ केस आलेत, ती आरामात चाटत राहिली, पाय काही हलला नाही.