दारू सुटल्यावर होणाऱ्या चुका : 'अचानक प्यायला' असं काही नसतं

दारू सोडणं मला पाच-सहा वेळा जमलं. सोडलेली टिकवणं एकदाच जमलंय, त्याला या दिवाळीत नऊ वर्षं होतील. मधल्या प्रत्येक स्लिपनंतर, म्हणजे सोडलेली पुन्हा प्यायल्यावर, घरचे म्हणायचे, "चांगला होता हो, अचानक प्यायला." ग्लास शेवटी हातात येतो, चूक आधीच झालेली असते.

मला सगळ्यात महागात पडलेलं वाक्य म्हणजे "मी बसतो फक्त, कोल्ड्रिंक घेतो." गटारीचा दिवस होता. समोर मसाला पापड, खारे शेंगदाणे, बर्फाचं भांडं. त्या रात्री मी थेंबही घेतला नाही आणि घरी येऊन छाती फुगवून सांगितलंही. नवव्या दिवशी कामावरून परतताना, सोबत कोणी नसताना, पाय वाईन शॉपकडे वळले. चकणा खाल्ला तेव्हाच अर्धं काम झालं होतं. म्हणून पहिलं वर्षभर तरी त्या टेबलावर बसूच नका. लग्नाला जा, जेवा, पोरं गाडीच्या डिकीभोवती जमायला लागली की निघा. जाताना स्वतःच्या गाडीने जा, म्हणजे कुणासाठी थांबावं लागत नाही. कोणी आग्रह केलाच तर "बंद केलीय" एवढंच बोला. कारणं सांगत बसलात की समोरचा ती खोडायला लागतो.

दुसरी चूक फारच साधी आहे, उपाशी राहणं. संध्याकाळी सातला येणारी तलफ कित्येकदा निव्वळ भूक असते. मी बॅगेत चिक्की ठेवतो. लोक हसतात, हसू देत. राग, एकटेपणा आणि दमणूक ही त्याच भुकेची भावंडं, त्यांच्यावरही लक्ष ठेवा.

आता घरच्यांसाठी. दारू सुटावी म्हणून देतात ती डायसल्फिरमची गोळी आमटीत कालवून गुपचूप देऊ नका. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. ही गोळी त्याचं पुढचं विघटन अडवते. गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जिवावरही बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि त्या माणसाला सांगूनच द्यायची असते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्यामुळे "परवापासून गोळी बंद केलीय, आज चालेल" हा माझा जुना हिशेबही चुकीचाच होता. खोकल्याचं औषध, आयुर्वेदातली आसवं, अरिष्टं यांतही अल्कोहोल असू शकतं. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना, वैद्यांना आपली सवय सांगून टाका, लाजू नका.

"आता मीटिंगची गरज नाही" असं मला वाटायला लागलं की बायको आजही सावध होते. या मीटिंग घेणाऱ्या, दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सुरुवात आठवा. 1935 साली बिल डब्ल्यू. कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेले होते. दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते, त्यात तिथलं काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फोन. त्यांनी फोन उचलला आणि आपल्यासारखाच एखादा दारुडा कुठे भेटेल का, याची चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब हे दारूत अडकलेले डॉक्टर भेटले आणि दोघांनी मिळून ही संघटना उभी केली. पाच-सहा जणांचे नंबर मोबाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि तलफ यायच्या आधी, उगाचच, फोन करत राहा. एरवी कधी बोललेलोच नसलो तर ऐन वेळी बोट त्या नंबरवर जात नाही.

आणि स्लिप झालीच तर? "गेलंच आहे, तर खंबाच आणू" हे मी केलंय. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते, जुनं माप झेपत नाही. तिथेच थांबा आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मात्र अनेक दिवस सलग पिणं झालं असेल, तर घरी कोंडून घेऊन एकदम बंद करू नका. हात थरथरणं, फिट येणं, नसलेल्या गोष्टी दिसणं हे पहिल्या दोन-चार दिवसांत होऊ शकतं आणि ते जीवघेणं ठरू शकतं. अशा वेळी सरळ हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं.