तालुक्यात शिक्षक संघटना बांधताना: आरंभ सेवापुस्तकापासून

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तालुक्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक इतके विखुरलेले असतात की संघटनेसाठी त्यांना एकत्र आणायचे कोठे, हाच पहिला प्रश्न असतो. त्यासाठी वेगळी सभा बोलावू नये. केंद्राची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद संपल्यावर, शाळेची वेळ उलटल्यानंतर, अर्धा तास थांबण्याची विनंती करावी. त्या बैठकीत जुन्या पेन्शनवर भाषण करण्याचा मोह होतो, कारण १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना ती लागू नाही आणि त्यांची ती दुखरी नस आहे. परंतु तो निर्णय मंत्रालयात व्हायचा असतो. तालुक्याच्या हाती आहेत ती कामे निराळी: सेवापुस्तकातील (नोकरीच्या अधिकृत नोंदवहीतील) राहिलेली नोंद, रखडलेले वैद्यकीय बिल, १२ वर्षांची सेवा व प्रशिक्षण पूर्ण होऊनही न मिळालेली वरिष्ठ वेतनश्रेणी.

प्रत्येक तक्रार एका वहीत अर्जाच्या दिनांकासह व आवक क्रमांकासह लिहावी. मी आरंभीची दोन वर्षे तोंडी आश्वासनांवर विसंबलो आणि टेबलावरचा लिपिक बदलताच सारे शून्यावर आले, म्हणून पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे मानूच नये. सारख्या तक्रारी जमल्या की गटशिक्षणाधिकाऱ्यांना एकच निवेदन द्यावे व प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. तरीही उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा, ज्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र हा अधिकार नागरिकाचा असल्याने अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर न करता सभासदाच्या नावाने करावा.

अशैक्षणिक कामांविषयी बोलताना सरसकट विरोध करू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, पण त्या मनाईतून जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक ही कामे वगळलेली आहेत. मतदारयादीचे काम सुट्टीच्या दिवशी वा अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. आपला आग्रह तेवढाच ठेवावा, म्हणजे तो टिकतो.

राजकारणाचा भाग अधिक नाजूक आहे. १९६७ च्या वर्तणूक नियमांमुळे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला पक्षाचा प्रचार करता येत नाही. (अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी १९३० मध्ये सत्याग्रहात उतरले, तेही शाळा सोडूनच.) विधान परिषदेच्या नाशिक शिक्षक मतदारसंघातही प्राथमिक शिक्षकाला मत नाही, कारण ते माध्यमिक व त्यावरील शिक्षकांपुरते आहे. आपली खरी ताकद शाळा व्यवस्थापन समितीत असते, जिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. रिक्त पद भरण्याची मागणी शिक्षकांनी केली तर ती स्वार्थाची ठरते, तीच पालकांच्या ठरावातून गेली तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण सभापतींना दुर्लक्षिता येत नाही. नंदुरबारकडील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि मग समितीची गणसंख्या भरत नाही, म्हणून हा ठराव दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच मंजूर करून घ्यावा.