सॉफ्टवेअर पुरवठादार निवडताना प्रमाणपत्र कसे वाचावे

पगारपत्रक, लेखा किंवा ईआरपीसाठी (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणारी प्रणाली) सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की प्रत्येक पुरवठादाराच्या सादरीकरणात प्रमाणपत्रांच्या चिन्हांची एक ओळ हमखास असते, आणि खरेदी समिती तुलनेच्या तक्त्यात त्यापुढे ‘आहे’ असे लिहून पुढच्या रकान्याकडे वळते. ही घाई पुढे महागात पडू शकते, कारण प्रमाणपत्र नेमके कशाला मिळाले आहे, हे त्या चिन्हावरून मुळीच कळत नाही.

चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी पगाराचे सॉफ्टवेअर निवडताना मला हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. सर्वांत कमी दर देणाऱ्या पुरवठादाराकडे आयएसओ २७००१ हे माहितीच्या सुरक्षेचे प्रमाणपत्र होते. मी मूळ प्रमाणपत्राची प्रत मागवली, तेव्हा त्यात व्याप्ती म्हणून एका शहरातील कार्यालयाचे ‘प्रशासन आणि मनुष्यबळ’ एवढेच नमूद होते. ज्या दुसऱ्या शहरात सॉफ्टवेअर तयार होत होते आणि जिथून कामगारांच्या आधार, पॅन व बँक खात्यांची माहिती हाताळली जाणार होती, त्याचा त्या कागदावर उल्लेखही नव्हता. कोणी खोटे बोलले नव्हते. आम्ही विचारले नसते तर ते कळलेही नसते.

म्हणून पुरवठादारांना बोलावण्याआधी या सॉफ्टवेअरमध्ये आपली कोणती माहिती जाणार आहे, ती कुठे साठवली जाणार आहे आणि ते एक दिवस बंद पडले तर आपले काय अडेल, हे एका पानावर लिहून काढावे. प्रमाणपत्रांची मागणी या पानावरून ठरते. माहितीच्या सुरक्षेसाठी आयएसओ २७००१ किंवा सॉक २ हा अहवाल, सेवा अखंड चालू राहण्यासाठी आयएसओ २२३०१, आणि कार्डाने भरणा स्वीकारला जाणार असेल तर पीसीआय डीएसएस मागावे. आयएसओ ९००१ चांगलेच आहे, पण ते गुणवत्तेच्या व्यवस्थापनासाठी असते. त्यावरून सुरक्षेचा अंदाज बांधू नये. सीएमएमआय या कामाची परिपक्वता मोजणाऱ्या मॉडेलमधील पातळी ही संस्थेच्या एखाद्या विभागाच्या कामाच्या पद्धतीला दिलेली असते, सॉफ्टवेअरला नव्हे. त्यामुळे तो विभाग आपलेच काम करणारा आहे का, एवढे विचारून घ्यावे.

आयएसओ २७००१ चा कागद हातात आला की सर्वप्रथम व्याप्तीचे वाक्य वाचावे आणि त्यात आपण घेणार असलेले उत्पादन व ते चालवणारी ठिकाणे आहेत का, ते पाहावे. त्यानंतर आवृत्ती पाहावी. २०१३ च्या आवृत्तीवरील प्रमाणपत्रांची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, त्यामुळे आता २०२२ ची आवृत्तीच ग्राह्य धरावी. प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते, पण मधल्या वर्षांत देखरेखीचे ऑडिट व्हावे लागते, म्हणून अलीकडचे ऑडिट कधी झाले, हेही विचारावे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला स्वतःला मान्यता आहे का, हे तपासणे सर्वांत जास्त राहून जाते. भारतात ही मान्यता भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत असलेले एनएबीसीबी हे मंडळ देते, तर ब्रिटनमध्ये यूकेएएस. अशा मान्यतेची खूण नसेल, तर तो कागद फार वजनाचा मानू नये.

याच्या जोडीला स्टेटमेंट ऑफ अ‍ॅप्लिकेबिलिटी हा दस्तऐवज मागावा. २०२२ च्या आवृत्तीच्या परिशिष्टात ९३ नियंत्रणे, म्हणजे सुरक्षेसाठीचे उपाय, आहेत. त्यांपैकी कोणती लागू केली, कोणती वगळली आणि का वगळली, हे त्यात लिहिलेले असते. सॉफ्टवेअर स्वतः तयार करणाऱ्या कंपनीने सुरक्षित कोडिंगचे नियंत्रण वगळले असेल, तर तिथेच थांबून खुलासा मागावा. गोपनीयतेचा करार करूनही पुरवठादार हा दस्तऐवज दाखवायला तयार नसेल, तर त्या नकाराची नोंद तुलनेच्या तक्त्यात करावी.

सॉक २ हे प्रमाणपत्र नसून स्वतंत्र लेखापरीक्षकाचा अहवाल असतो आणि त्याचे निकष अमेरिकेतील सनदी लेखापालांच्या संस्थेने ठरवले आहेत. टाइप १ एका ठरावीक तारखेला नियंत्रणांची रचना कशी होती एवढेच सांगतो, तर टाइप २ काही महिन्यांच्या काळात ती प्रत्यक्ष पाळली गेली का, हे तपासून सांगतो. म्हणून टाइप २ चाच आग्रह धरावा. अहवाल मोठा असला तरी त्यातील अपवादांचा भाग शब्दन्‌शब्द वाचावा. उदाहरणार्थ, नोकरी सोडून गेलेल्यांचे लॉगिन वेळेत बंद केले नव्हते, अशी नोंद असेल तर ती त्रुटी कशी दूर केली, याचे लेखी उत्तर घ्यावे. ग्राहकाने स्वतः कोणती काळजी घ्यायची, याचीही यादी अहवालात असते. ती आपल्या आयटी विभागाकडे त्याच दिवशी द्यावी, कारण ती पाळली गेली नाही तर पुरवठादाराची नियंत्रणे अपुरी पडतात.

‘आमचा सर्व्हर मोठ्या क्लाउड कंपनीकडे आहे आणि तिच्याकडे सगळी प्रमाणपत्रे आहेत’ असे उत्तर वारंवार मिळते. ती प्रमाणपत्रे डेटा सेंटरची आणि क्लाउड सेवेची असतात. त्यावर चालणारे सॉफ्टवेअर कसे लिहिले आहे आणि पुरवठादाराचे कोणते कर्मचारी आपली माहिती पाहू शकतात, याविषयी ती काहीच सांगत नाहीत.

काही गोष्टी प्रमाणपत्राने नव्हे, तर कायद्याने आवश्यक आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय असावी लागते, आणि इलेक्ट्रॉनिक लेखापुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो. डेमोच्या वेळी एखादे व्हाउचर स्वतः बदलून ती नोंद उमटते का, हे पाहावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात, तेव्हा पुरवठादाराने आपल्याला त्याहूनही आधी कळवावे, असे कलम करारात असलेच पाहिजे.

लहान पुरवठादाराकडे प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला लगेच बाद करू नये, असे माझे आग्रहाचे मत आहे. सर्ट-इनच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून करून घेतलेला अलीकडचा सुरक्षा चाचणीचा अहवाल आणि आपल्या समोर बॅकअपमधून माहिती परत आणून दाखवण्याची तयारी, या दोन गोष्टी त्याच्याकडे असतील तर त्याला तुलनेत ठेवावे.

निवड झाल्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक, व्याप्ती आणि मुदत कराराच्या परिशिष्टात लिहावी. ते निलंबित झाले, रद्द झाले किंवा त्याची व्याप्ती कमी झाली, तर पुरवठादाराने ठरलेल्या दिवसांत कळवावे आणि तसे झाल्यास करार संपवण्याचा अधिकार आपल्याकडे राहावा. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख खरेदी विभागाच्या नोंदवहीत घालून ती पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीच्या नावावर द्यावी.