‘घर विकणे आहे’ची पाटी लावताना

घर पाहायला येणारा माणूस आत पाऊल टाकण्याआधीच मनात भावाचा अंदाज बांधतो, आणि त्यात बाहेरच्या पाटीचा हात असतो. पाटी कललेली, रंग उडालेली असेल तर तो दोन गोष्टी धरून चालतो: घराकडे लक्ष दिलेलं नाही आणि ते बरेच दिवस विकलं गेलेलं नाही. दोन्ही समज चुकीचे असले तरी तो पहिला आकडा कमीच सांगतो.

मजकूर थोडका ठेवा: ‘विकणे आहे’, घराचा प्रकार आणि फोन नंबर. खोल्यांचं वर्णन फोनवर करता येतं. ‘अर्जंट’ किंवा ‘तातडीने’ लिहिलंत की मालक अडचणीत आहे असा अर्थ निघतो आणि भाव पाडून मागणं सुरू होतं. ‘घर रिकामं आहे’ हे तर कधीच लिहू नका, ती माहिती चोरालाही मिळते.

सगळ्यात जास्त चुका अक्षरांच्या आकारात होतात. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे सरकते. वाचायला तीन सेकंद मिळायचे असतील तर मजकूर ३३ मीटरवरून दिसला पाहिजे. चांगल्या उजेडात आणि स्वच्छ रंगसंगतीत दर ९ मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर ही साधारण शेवटची मर्यादा समजतात, म्हणजे इथे किमान ९ सेंटिमीटर. प्रत्यक्षात १२ धरा. ही उंची मात्रा-वेलांट्या सोडून मोजायची. वर-खाली त्यांच्यासाठी जागा सोडली नाही तर ओळी एकमेकींत अडकतात. या आकारात दहा आकडी नंबरच ८०-९० सेंटिमीटर रुंदी खातो, म्हणून पाटी १२० बाय ९० ची घ्या. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडला की लक्षात राहतो. फक्त पायी रहदारीच्या गल्लीत ५ सेंटिमीटरची अक्षरं पुरतात.

पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळा रंग सगळ्यात भरवशाचा. छापील लाल उन्हात आधी उडतो, आणि जुनी पाटी नेमकी त्यावरूनच ओळखू येते. क्यूआर कोड चालत्या गाडीसाठी निरुपयोगी आहे. पादचाऱ्यांसाठी द्यायचाच तर स्कॅन करायच्या अंतराच्या एक दशांश आकाराचा द्या: दोन मीटरला २० सेंटिमीटर.

पाटी भिंतीला समांतर लावली तर समोर येईपर्यंत दिसत नाही. रस्त्याला काटकोनात, दोन्ही बाजूंनी छापलेली लावा. पोकळ प्लास्टिक शीट वापरणार असाल तर आतल्या नळ्या उभ्या येतील अशीच कापून घ्या, कारण खांबाच्या सळया त्यांतच शिरतात. आडव्या नळ्यांची शीट वाऱ्यात मधोमध दुमडते. फ्लेक्स असेल तर लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर ताणून बसवा. नुसता चार कोपऱ्यांना बांधलेला फ्लेक्स फडफडून रिंगांपाशी फाटतो.

एका घरावर तीन एजंटांच्या तीन पाट्या दिसल्या की घर खपत नाही असंच वाटतं. एकच ठेवा. लावण्याआधी सोसायटीची किंवा स्थानिक संस्थेची परवानगी लागते का ते विचारा. दर आठवड्याला धूळ पुसा, तार ताणून घ्या, रंग फिका वाटला की पाटी बदला. व्यवहार पक्का झाला की उतरवा, नाहीतर फोन येतच राहतात.